लाल विमान टोवालाच

मी, डॅग्नी हाल्वर्सन, कैलासवासी ऑरिन हाल्वर्सन यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ग्रेलिंग बेंड, अलास्का, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, माझ्याच हाताने, राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू पाहील असा एकच इसम या गावात आहे, तो माझा मुलगा गार्थ, आणि बंदूक दाराशीच टेकवलेली आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते यकृत. फेअरबँक्सच्या डॉक्टरीणबाईने फोटो दाखवून सांगितले की नदीचा बर्फ फुटेपर्यंत मी काही टिकत नाही. गेल्या रविवारी मी इसाकला पत्त्यांत तीनदा हरवले, तेव्हा माझ्या बुद्धीबद्दल शंका असेल त्याने इसाकला विचारावे. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते सर्व रद्द समजावे.

कलम पहिले. मला पुरायला घाई करू नये. जमीन दगडासारखी गोठली असेल तर लाकडाच्या खोपटात ठेवावे आणि जमीन सैल झाल्यावर ऑरिनशेजारी पुरावे. पलंगावरचे अस्वलाचे कातडे माझ्याबरोबर घालावे. पाद्रीबुवांनी दोन वाक्यांत आटपावे. ते विमानात बसले की डोळे मिटून घेतात, अशा माणसाचं स्वर्गाबद्दलचं बोलणं मी फार वेळ ऐकून घेणार नाही.

कलम दुसरे. माझे राहते घर, चूल, शिवणयंत्र, लाकडाची शेड आणि बँकेत जे काही असेल ते माझी नात टोवा हाल्वर्सन हिला मिळावे. टोवा ही गार्थची मुलगी. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गार्थच्या बुक्क्यांना कंटाळून बोटीने निघून गेली, ते बरंच केलं तिने. पोरीला मी वाढवलं.

कलम तिसरे. नदीच्या खालच्या अंगाचा मासेमारीचा तळ, जाळी, धुरी देण्याची झोपडी आणि मोठी बोट माझा मुलगा गार्थ याला मिळावी. तो या लायकीचा नाही. पण पोटच्या पोराला अगदीच उघड्यावर टाकवत नाही, काय करू.

कलम चौथे, आणि खरे तर याच कलमासाठी हा सगळा खटाटोप. घरासमोर बर्फात उभे असलेले लाल विमान, एकामागे एक दोन माणसे बसतील असे, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेले, त्याच्या दोन्ही प्रकारच्या पायांसह म्हणजे लाकडी घसरपट्ट्या व फुगीर चाके, तसेच सर्व हत्यारे, हे टोवाला मिळावे. फक्त टोवाला. त्यावर गार्थचा कसलाही हक्क नाही, कधी नव्हता, आणि त्याने सांगितला तर कोर्टाने हसावे.

टोवा, विमान मिळणं सोपं असतं, ते पोसणं कठीण. शहरातले लोक म्हणतात, विमान हा श्रीमंतांचा खेळ आहे. खड्ड्यात गेले ते! आपल्याकडे रस्ताच नाही, त्यामुळे विमान म्हणजे आपली बैलगाडी. तुझ्या आजोबाने आणि मी ती कवडीमोलात घेतली आणि कवडीमोलात चालवली. कसं ते लिहून ठेवते, नाहीतर तुला कोणीतरी लुबाडेल आणि मला थडग्यात कूस बदलावी लागेल.

विकत घ्यायचं तर अस्वलाने फाडलेलं घ्यावं, माणसाने आपटलेलं घेऊ नये. माणूस आपटतो तेव्हा आतली नळी वाकते, वरून रंग मारला की दिसत नाही. अस्वल फक्त कापड फाडतं. हे विमान एका शिकाऱ्याचं होतं. त्या दीडशहाण्याने धुरी दिलेला मासा मागच्या सीटखाली ठेवला आणि तंबूत जाऊन घोरत पडला. सकाळी उठला तर विमानाची साल निघालेली. आम्ही सांगाडा उचलायला गेलो, तर ती अस्वलीण पुन्हा आली. ऑरिन पंखाचे बोल्ट सोडवत होता, बंदूक माझ्याकडे. पहिली गोळी तिचा जबडा घेऊन गेली, तरी ती थांबली नाही. दुसरी मी इतक्या जवळून घातली की माझ्या तोंडावर रक्त उडालं. ती ऑरिनच्या पायावर कोसळली आणि त्याचा घोटा फुटला. तो ओरडत होता, "बाई, आधी हिला उचल, मग रड!" मी रडत नव्हते, मी हसत होते. तेच ते कातडं.

कापड बसवायला शहरात देऊ नकोस. पंखाच्या आतल्या फासळ्यांना ते मेणाच्या दोऱ्याने तूच शिव, गाठ न गाठ ओढून बघ, आणि घरच्याच इस्त्रीने ताण. फक्त इस्त्री किती तापते ते आधी मोज, जास्त तापली की कापड वितळून भोक पडतं. पंखांवर रात्री घालायच्या खोळी विकत घेऊ नकोस, माझ्या जुन्या चादरी आहेत, त्यांच्याच शिवलेल्या आहेत. खोळ घातली नाहीस तर पंखावर दव गोठतं, आणि तेवढ्या खरखरीत थराने विमान उचलत नाही, झाडांत जातं. कडाक्याच्या थंडीत इंजिन थांबवल्याबरोबर तेल काढून घे, डबा चुलीमागे ठेव, सकाळी गरम गरम ओत. विजेच्या शेगडीचे पैसे वाचतात. उतरलीस की घसरपट्ट्यांखाली स्प्रूस झाडाच्या फांद्या टाक, म्हणजे पट्ट्या बर्फाला चिकटत नाहीत आणि सुटायला इंजिन जाळावं लागत नाही. गालिचा, अस्तर, शोभेची पॅनेलं, सगळं उपटून फेक, जास्तीचं सगळं वजन पेट्रोल पितं. वार्षिक तपासणीला झाकणं तू स्वतः उघड, धू, पूस. मेकॅनिकने फक्त बघायचं आणि सही करायची. पण त्याच्याशी भावात घासाघीस करू नकोस. ज्याच्या सहीवर आपण आभाळात जातो, त्याला उपाशी ठेवू नये.

आणि भागीदारीत विमान घेऊ नकोस. खर्च अर्धा होतो हे खरं, पण भांडण दुप्पट होतं. इसाक पित्का, आपला नदीपल्याडचा शेजारी, आमच्याबरोबर दोन हिवाळे भागीदार होता. पेट्रोल कोणी संपवलं यावरून तो आणि ऑरिन या अंगणात असे जुंपले की इसाकने ऑरिनच्या कानाचा तुकडा चावून तोडला. थुंकला आणि म्हणाला, "घे तुझा हिस्सा!" दुसऱ्या दिवशी दोघे एकत्र कॉफी पीत होते. मी मात्र इसाकला ते माफ केलेलं नाही. त्याला माझी मोठी किटली द्यावी, तिचं बूड गळकं आहे.

कलम पाचवे. यात मी कोणाला काही देत नाही, पण हे माझ्यामागे कोणी लिहिणार नाही म्हणून लिहिते.

वजन आणि खर्च वाचवायला आपल्या विमानाचा स्टार्टर काढलेला आहे, इंजिन सुरू करायला नाकाडावरचा पंखा हाताने फिरवायचा. यात काही गैर नाही, अर्धं अलास्का असंच चालतं. मात्र शेपूट झाडाला बांधायचीच. ऑरिन गेला त्या दिवशीही शेपटीचा दोर होता. गार्थने तो सोडला आणि आपली बोट ओढायला घेऊन गेला, बापाला न सांगता. ऑरिनने पंखा फिरवला, इंजिन धडाडलं आणि विमान पुढे आलं. पंख्याने त्याला खांद्यापासून बरगड्यांपर्यंत उघडलं. मी एप्रन काढून त्यात दाबून धरलं, पण धरायला काही राहिलंच नव्हतं. अंत्यविधीला गार्थ उभा राहून म्हणाला, "बाबा म्हातारे झाले होते, दोर बांधायला विसरले." मी दोन बाकं मागे बसले होते. तो दोर ओला होऊन गार्थच्या बोटीला बांधलेला मी अपघाताच्या दिवशीच पाहिला होता. तेव्हा उठून त्याचा गळा धरला नाही, कारण मांडीवर टोवा झोपली होती.

इंजिन मेकॅनिककडून पूर्ण उघडून तपासून घेतलं. पंखा सरळ होता. धुतला आणि तोच लावला. लोक म्हणाले, डॅग्नी दगड आहे. नवीन पंखा घेऊन तो परत येणार होता का?

म्हणून टोवा, चार गोष्टींत कधी काटकसर करू नकोस. दोर, बसायचे पट्टे, पेट्रोल गाळायची जाळी आणि वेळ. बाकी सगळं भंगारातून आण.

कलम सहावे. विमान विकायला टोवाला पूर्ण मोकळीक आहे, पण गार्थला किंवा त्याच्या शिकारी दोस्तांना विकू नये. कारण सांगते. गेल्या शरदात गार्थने दोन गिऱ्हाइकं आणली. मूस हरणाचं मांस मागच्या सीटवर छतापर्यंत भरलं आणि शिंगं पंखाच्या आधारदांड्याला बांधली. टोवा म्हणाली, "बाबा, एवढं नाही उचलणार. दोन फेऱ्या करीन." गार्थ म्हणाला, "दोन फेऱ्यांचं पेट्रोल तुझा बाप देणार का?" ती म्हणाली, "बाप तूच ना? मग दे." गिऱ्हाइकं हसली. गार्थच्या हातात पाना होता, तो त्याने पोरीच्या तोंडावर मारला. तिचा पुढचा दात माझ्या पायापाशी येऊन पडला. मी वल्हं घेतलं आणि गार्थच्या गळ्याखालचं हाड मोडलं. दुसरं हाडही मोडणार होते, वल्हंच तुटलं. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. वल्ह्याचा आहे, चांगल्या लाकडाचं होतं.

इथवर मी सकाळी लिहिले. यापुढचे दुपारनंतरचे आहे. अक्षर वाकडे आले आहे, ते भीतीने नव्हे, संतापाने.

साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावले होते. एक इसाक, दुसरी पोस्टातली व्हर्निटा. व्हर्निटा आत येताच म्हणाली, "मी कुण्णाला सांगितलं नाही हं!" म्हणजे गावभर सांगून झालं होतं. इसाक बूट झटकत म्हणाला, "म्हातारे, मरणाचं आमंत्रण देतेस आणि कॉफी नाही?" मी म्हटलं, "किटली तुझ्या नावावर केलीय, तूच कर." तेवढ्यात बाहेर गार्थची बर्फगाडी थांबली. तो प्यायलेला नव्हता. प्यायलेला असता तर बरं झालं असतं, नेम चुकला असता.

त्याने कोणाशी बोलण्याआधी कुऱ्हाड डाव्या पंखात घातली. कापड फाटल्याचा आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

"माझ्या बापाचं विमान आहे हे!" तो ओरडत होता. "टोवा, तुला देते काय ही थेरडी? घे मग! चिंध्या घे!"

टोवा धावत बाहेर गेली. "बाबा, कुऱ्हाड टाक."

त्याने पुन्हा घाव घातला. इसाक मध्ये गेला. सत्तर ओलांडलेला माणूस, हातात काही नाही. म्हणाला, "अरे गाढवा, हो बाजूला! त्या पंखाने काय घोडं मारलंय तुझं?" गार्थने कुऱ्हाड फिरवली. पातं नाही लागलं, मागचा बोथट भाग लागला, कानामागे. इसाक उभाच्या उभा खाली गेला आणि डोकं घसरपट्टीवर आपटलं. त्याच्या कानातून रक्त येऊन बर्फात उतरू लागलं.

टोवाने दाराशी टेकवलेली बंदूक उचलली. मी दारात होते. मी म्हणाले, "घाल गोळी." हो, म्हणाले. कोर्टाने हे वाचावं, माझी काही हरकत नाही. पोटच्या पोरावर मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

पोरीने नेम धरला होता. गार्थ तिच्याकडे बघत उभा राहिला, हललाही नाही. मग तिने बंदूक उलटी केली आणि दस्ता त्याच्या नाकावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला. पोरीने बंदूक मला दिली आणि म्हणाली, "आजी, सुई, मेणाचा दोरा आणि टेप. लवकर."

व्हर्निटाने शहरात फोन लावला. पश्चिमेकडून वादळ आपल्या गावाकडे येतंय, उद्या दुपारआधी शहरातून कोणी इकडे येणार नाही असं कळलं. वादळाआधी इथून निघालं तर मात्र शहर गाठता येत होतं. इसाकच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती, दुसऱ्याची बारीक. उद्या दुपारपर्यंत तो राहिला नसता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. गार्थलाही.

टोवा उघड्या हातांनी टाके घालू लागली. फाटलेली कड ताणून धरायला दोन मजबूत हात लागतात, माझ्यात तेवढा जोर उरलेला नाही. व्हर्निटा इसाकचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गार्थ बर्फातून म्हणाला, "थंडीत टेप धरणार नाही. चुलीवर तापव. आधी कापड पेट्रोलने पूस." टोवाने त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "आजी, टेप तापव." मग थोड्या वेळाने, तरीही न बघता, ती म्हणाली, "धर." तो उठला आणि त्याने कड धरली. त्याच्या नाकाचं रक्त कापडावर टपकत होतं, ती ते बाहीने पुसून पुढचा टाका घालत होती. आतली एक फासळी तुटली होती, तिला त्याने माझं लाकडी लाटणं बांधलं. चालणार नाही असं मला वाटलं. चाललं पाहिजे असं टोवा म्हणाली.

इसाकला मागे बसवून पट्टे आवळले. पोरीने शेपटीचा दोर स्वतः बांधला, स्वतः तपासला. पंखा फिरवला. मग विमानात बसून दोर तोडायची खूण केली, आणि व्हर्निटाने तो तोडला. लाल विमान डाव्या अंगाला किंचित कलतच झाडांवरून गेलं.

नंतर गार्थ स्वयंपाकघरात आला आणि याच टेबलापाशी उभा राहिला. "आई, टेप निघाली तर?"

"तर तू आज दोन माणसं मारलीस. बापाला धरून तीन."

तो नाकाचं रक्त धुवायला मोरीपाशी गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलं होतं, डोळे मात्र पुसलेले नव्हते. मी पोलिसांना फोन केला आहे, वादळ सरलं की ते येतील. जाऊ नकोस असं मी त्याला सांगितलं नाही, पण तो गेला नाही.

आता साक्षीदार एकच उरला. आज गावात दुसरं कोणी नाही, सगळे खाली सापळ्यांवर गेले आहेत, आणि पुढच्या आठवड्याची मला खात्री नाही. व्हर्निटा म्हणाली, "गार्थ आहे की." मग तिलाच आठवलं. "पण ज्याला काही मिळतं त्याने सही केली तर पुढे कोर्टात कटकट होते. इसाकची गळकी किटली वेगळी. तिसऱ्या कलमात त्याचा तळ आहे ना?" बघा, वाचून काढलं होतं तिने सगळं.

गार्थने कागद ओढून घेतले. मी थांबवलं नाही. त्याने पहिल्यापासून वाचलं. पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. "दोर" या शब्दावर त्याचं बोट थांबलं होतं, ते मी पाहिलं.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?" तो म्हणाला.

"त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, आई? इतकी वर्षं?"

"तू बोलशील म्हणून."

त्याने तिसऱ्या कलमाचा कागद माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाला, "माझं कलम खोड."

कलम सातवे. वरील कलम तिसरे गार्थच्या तोंडी सांगण्यावरून आणि माझ्या मर्जीने रद्द केले आहे. मासेमारीचा तळ, जाळी, झोपडी व बोट इसाक पित्का याला मिळावी, तो जगला तर. न जगल्यास टोवाला. गार्थला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. लिहिताना हात जड झाला, पण लिहिले.

कलम आठवे. टोवा उतरली की नाही हे मला अजून कळलेले नाही. ती न उतरल्यास वरील सर्व कलमांना काही अर्थ नाही. घर जाळून टाकावे, आणि मला कुठे पुरायचे ते कोणीही ठरवावे. फोन समोर आहे. तो वाजण्याआधीच मी सही करीत आहे, कारण ती उतरणार हे धरूनच मी हे लिहिले आहे.

सही: डॅग्नी हाल्वर्सन
मुक्काम ग्रेलिंग बेंड, अलास्का. १९ मार्च १९९१.

साक्षीदार पहिली: डॅग्नीबाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर होत्या, सही करता करता माझ्या स्वेटरला नावं ठेवत होत्या. मला यातून काही मिळत नाही, मागितलंही नव्हतं.
व्हर्निटा क्रॅब, पोस्टमास्तर

साक्षीदार दुसरा: माझ्या आईने माझ्यादेखत सही केली. मला यातून काही मिळत नाही. आईने सही केल्यावर फोन वाजला. तिला उठवेना म्हणून मी उचलला. टोवा होती. म्हणाली, "आजीला दे." माझ्याशी बोलली नाही. मी फोन आईला दिला. टोवा उतरली आहे. इसाकला आत नेलं, श्वास चालू आहे. विमान तिचं आहे, मी साक्षी आहे. दोर मी सोडला होता, त्यालाही मीच साक्षी आहे.
गार्थ हाल्वर्सन